गल्लीचा गुलाब आणि चोरखिशांचा कोट

निरीक्षकसाहेबांचं स्वतःबद्दलचं मत असं होतं, की त्यांची नजर घारीची, कान सशाचे आणि नाक मुंगीचं आहे. मेंदूला मात्र अजून उपमा सापडली नव्हती. तपास चालू होता.

हे सगळं त्यांना फाटकावरच्या पाटीवर लिहायचं होतं, पण पाटी लहान पडली. 'खासगी रहस्यभेदक' एवढंच काय ते मावलं. त्याखाली आक्कांनी खडूनं लिहिलं, 'फाटक लावून घ्यावे'. आजवर त्या पाटीचा जो काही उपयोग झाला, तो खालच्या ओळीचा.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्या या अविवाहित भावाकडे राहायला आल्या होत्या. खरं तर तो त्यांच्या हाताखाली राहायला लागला होता. साहेबांनी सगळी नोकरी वजनमापे खात्यात काढली. दुकानादुकानांतून तराजू तपासून तपासून त्यांची पक्की समजूत झाली होती, की जगात प्रत्येक जण थोडं कमीच देतो. निवृत्त झाल्यावर तराजू गेला आणि समजूत तेवढी राहिली. रिकामा माणूस आणि भरलेली समजूत एका घरात आली, की गुप्तहेर जन्माला येतो.

आक्कांना मात्र त्याच्या पहिल्या तपासापासून सगळं आठवत होतं. लहानपणी घरातली साखर कमी व्हायला लागली. बाळ्यानं, म्हणजे आताच्या साहेबांनी, सगळ्यांना ओळीत उभं केलं, हात मागे बांधून येरझारा घातल्या आणि मांजर गुन्हेगार असल्याचं जाहीर केलं. बोलताना त्याच्या ओठांवर साखर चमकत होती. पण वडिलांना धाकट्याचं भारी कौतुक. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आले. ते करड्या रंगाचं होतं आणि आक्कांच्या पायाशी झोपायचं. आक्कांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी विसरायला शिकून घेतल्या, पण ते मांजर त्या विसरल्या नव्हत्या.

तर त्या वर्षी वसंतात वसाहतीचा मेळावा होता. दर वर्षी असायचा. प्रत्येक गल्लीनं एका कुंडीत एक गुलाब वाढवायचा, मेळाव्याच्या दिवशी मैदानावर आणायचा, आणि ज्या गल्लीचं फूल सरस तिला वर्षभर पितळी झारी मिरवायला मिळायची. आक्कांची आई गुलाबाच्या बुडाशी भांडी विसळलेलं पाणी फेकायची आणि 'फुललास तर फूल, नाहीतर मर' म्हणून आत जायची. गुलाब भीतीनं फुलायचा. आता गुलाबासाठी समिती होती, खत होतं, व्याख्यान होतं. झारी मात्र सलग तीन वर्षं मागच्या गल्लीत जात होती. मागच्या गल्लीतली माणसं ती झारी रोज पुसून, दिसेल अशी ओट्यावर ठेवत, आणि ही गल्ली तिकडे न बघता जाण्याचा सराव करत असे.

आपल्या गल्लीचा गुलाब कोपऱ्यावरच्या शिवणबाईंच्या पायरीवर ठेवला होता, कारण ऊन तिथं सगळ्यांत जास्त वेळ. शिवणबाई दिवसभर खिडकीशी मशीनवर वाकलेल्या असायच्या. येणारे-जाणारे पायरीशी थांबायचे, गुलाबाची चौकशी करायचे आणि शिवणबाईंची न करता पुढे जायचे. एकट्या आक्का तेवढ्या आत जाऊन बसायच्या. दुपारचा चहा त्या दोघी कितीतरी वर्षं एकत्र पीत होत्या. त्या वयात मैत्रीण नव्यानं मिळत नाही. आहे तिला जपावं लागतं, चष्म्यासारखं.

मेळाव्याच्या आठवड्यात शिवणबाई चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "आक्का, कळ्या जातायत हो."

"कुठं जातायत?"

"तेच कळत नाही. घोसच्या घोस धरला होता. रोज एखादी कमी. आज बघते तर दोनच."

आक्का बोलणार तोच खिडकीबाहेरून आवाज आला. "कुणीही कशाला हात लावू नका!"

साहेब कान लावून उभेच होते. सशाचे कान.

तपास सुरू झाला. साहेबांनी भिंग काढलं आणि कुंडीपुढे गुडघे टेकले. गुडघे पुन्हा सरळ करायला आक्कांना बोलवावं लागलं, पण तेवढ्यात त्यांनी देठांचं निरीक्षण करून घेतलं होतं.

"जखमा स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "ओढाताण नाही, रक्तस्राव नाही."

"झाडाला कसलं आलंय रक्त?"

"आक्का, मध्ये बोलू नकोस. मुळापासून, एका झटक्यात उपटायची सवय असलेला हात आहे हा. या गल्लीत असा माणूस एकच. दातांचा डॉक्टर!"

डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन साहेबांनी खुर्चीत बसून गुप्तपणे चौकशी केली. तोंड उघडं ठेवून गुप्त चौकशी फारशी होत नाही. अर्ध्या तासानं ते गाल धरून परत आले. त्यांची एक दाढ गेली होती आणि डॉक्टरांवरचा संशयही. "इतका वेळ लावणारा माणूस झटक्यात कळी काढूच शकत नाही," असं त्यांनी सुजलेल्या तोंडानं सांगितलं.

मग पाळी आली मागच्या गल्लीची. तिच्यावर पाळत ठेवण्यासाठी ते भर दुपारी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहिले. चादरीची मालकीण कपडे काढायला आली तेव्हा तिला चादरीखाली बूट दिसले. पुढचा सगळा तपास त्यांना पळत करावा लागला. त्यानंतर वाऱ्याचा सिद्धान्त आला, खारीचा सिद्धान्त आला, आणि कुणीतरी गुपचूप अत्तराचा कारखाना काढल्याचाही एक सिद्धान्त आला. त्यासाठी साहेब दोन दिवस गल्लीतल्या माणसांना हुंगत हिंडले. सगळ्यांना खताचा वास येत होता. वसंतात सगळ्यांनाच येतो.

आक्कांनी एकदा साधं विचारलं, "बाळ्या, तू त्या बागेच्या व्याख्यानाला गेला होतास ना? काय सांगितलं तिथं?"

आक्का गुडघ्यांमुळे गेल्या नव्हत्या आणि शिवणबाई शाळेच्या गणवेशांच्या ढिगाखाली होत्या. सगळी गल्ली मात्र गेली होती.

"मी व्याख्यात्याकडे पाठ करून बसलो होतो," साहेब म्हणाले. "श्रोत्यांचे चेहरे वाचत होतो. गुन्हेगार कधी व्यासपीठावर नसतो."

"मग चेहऱ्यांवर काय वाचलंस?"

"झोप."

"अरे, पण कळ्या कुणी नेल्या, हे गल्लीत कुणाला विचारलंस का सरळ?"

साहेब अशा नजरेनं बघत राहिले, की जणू आक्कांनी त्यांना रस्त्यात कपडे काढायला सांगितले. "विचारलं तर मग तपास कसला, आक्का? विचारून तर कुणालाही कळेल."

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी ते घरी आले ते शीळ घालत. साहेब शीळ घालायला लागले, की कुणाचं तरी वाईट होणार हे आक्कांना पाठ होतं.

"सापडली," ते म्हणाले. "शिवणबाई."

आक्कांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"झाड कुणाच्या पायरीवर? तिच्या. दिवसभर खिडकीत कोण? ती. घरात कात्र्या कुणाच्या? तिच्या."

"कळ्या कात्रीनं कापलेल्या नाहीत. नखानं खुडल्यात. मीही बघितलंय."

"तेच तर!" साहेबांनी टाळी वाजवली. "घरात चार कात्र्या असून एकही वापरली नाही, यातच सगळं आलं. उद्या मेळाव्यात माझं भाषण आहे. मंचावरून नाव जाहीर करणार. त्यासाठीच तर नवा कोट शिवायला टाकलाय, सात चोरखिशांचा."

"टाकलायस कुणाकडे?"

साहेबांनी भिंगाची काच पुसली. "तिच्याचकडे. गल्लीत दुसरं कोण शिवतं?"

आक्का पायात चपला न घालताच कोपऱ्यावर गेल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. साहेबांचे गुप्त तपास गल्लीत नेहमी असेच फिरतात, गुप्त फक्त साहेबांना वाटतात. शिवणबाई मशीनपाशी बसल्या होत्या, पण चाक फिरत नव्हतं.

"प्राध्यापकाची बायको पडद्याचं कापड परत घेऊन गेली," त्या म्हणाल्या. "म्हणे, घाई नाही. आक्का, माझ्याकडे माणसं कापड टाकतात ती विश्वासावर. उद्या मंचावरून माझं नाव आलं, तर उरलेलं तुकडाभर कापडही मी चोरलं असं म्हणतील. मग मी इथं काय करू?"

"तू कुठंही जायची नाहीस," आक्का म्हणाल्या. त्यांना पोतं आठवलं, नदी आठवली, आणि साखरेचा ओठ आठवला. "एकदा मी लहान होते, गप्प बसले. आता माझं वय गप्प बसायचं नाही. तू कोट पुरा कर."

"त्यांचा कोट?"

"हो, त्याचाच. आणि नीट शीव."

शिवणबाईंनी आक्कांकडे बघितलं. मग सुईत दोरा ओवला.

मेळाव्याच्या सकाळी सगळी गल्ली कुंडी न्यायला कोपऱ्यावर जमली. कुंडी चकचकीत पुसलेली, पानं धुतलेली, आणि झाडावर एकही कळी नाही. माणसं गळ्यात समितीच्या फिती घालून त्या हिरव्या झुडपाभोवती उभी होती. एवढी सजलेली माणसं आणि एवढं बोडकं झाड आक्कांनी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. शिवणबाईंनी मान खाली घालून साहेबांच्या अंगावर कोट चढवला. "हात बाहेरच ठेवा, नवा आहे," एवढंच बोलल्या.

साहेब खाकरले. "लोकहो! या कळ्यांचा मारेकरी आत्ता, या क्षणी..."

"थांब रे बाळ्या," आक्का म्हणाल्या. लोकांसमोर बाळ्या म्हटलं की साहेबांचा अर्धा ताठा तिथंच उतरायचा. आक्का गल्लीकडे वळल्या. "मला म्हातारीला एक सांगा. यातली कळी तुमच्यापैकी कुणी खुडली का?"

मग निवृत्त प्राध्यापकांनी चष्मा वर सरकवला.

"मी खुडली होती. एकच हं. बाजूची होती."

"अहो, मीसुद्धा," त्यांच्या बायकोनं म्हटलं. "फिरून येताना. एकच."

"मीही एक," औषधवाला म्हणाला.

दातांच्या डॉक्टरांनी बोटं नाचवली. "नाही कशाला म्हणू? व्याख्यानात सांगितलंच होतं ना, झाडावर एकच कळी ठेवा म्हणजे फूल पोसतं. बाकीच्या खुडा, नखानं खुडा, दया दाखवू नका."

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही."

"मला वाटलं, तुम्ही सगळे झोपला होतात!"

म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकानं जाता-येता, गल्लीचं भलं म्हणून, कुणाला न सांगता, एकेक जादा कळी काढली होती. गेली तीन वर्षं या माणसांनी एकमेकांना विचारून एकही काम केलं नव्हतं, हे या वर्षी झाडावर दिसलं एवढंच. बसता-उठता एकी, एकी करणाऱ्या गल्लीची एकी शेवटी जमली ती खुडण्यात. शिवणबाई मशीनवर वाकलेल्या, त्यांना दिसणार काय? गुलाबाशी थांबलेला माणूस गुलाबच बघतोय, असं त्या समजत होत्या.

"पण थांबा," औषधवाला म्हणाला. "शेवटची ठेवली होती की! काल दुपारी मी स्वतः बघितली. चांगली टपोरी होती. ती कुणी नेली?"

जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. आक्का फक्त एकाकडेच बघत होत्या.

"बाळ्या."

"काय?"

"काल शीळ घालत आलास, तेव्हा टेबलाच्या खणात काय ठेवलंस?"

साहेबांनी पोलिसासारखी छाती फुगवली. "ती कळी धोक्यात होती. एवढा एकच पुरावा उरला होता, तोही चोरीला गेला असता. म्हणून मी तो ताब्यात घेतला. कापसात, काड्यापेटीत, अगदी सुरक्षित आहे."

प्राध्यापकांच्या बायकोनं फक्त गळ्यातली फीत काढली.

"मंचावरून नाव घेणार होतास ना?" आक्का म्हणाल्या. "घे आता. शिवणबाईचंच घे. आणि काय म्हणायचं ते मी सांगते."

संध्याकाळी मैदानावर गल्लीची बोडकी कुंडी इतर गुलाबांच्या रांगेत उभी होती. परीक्षकांनी तिच्याभोवती दोनदा फिरून, कुंडी छान आहे असं सांगितलं. झारी मागच्या गल्लीत गेली. मग साहेब मंचावर चढले. पहिल्या रांगेत आक्का आणि शिवणबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"शिवणबाई पूर्णपणे निर्दोष आहेत," साहेब मोठ्यानं म्हणाले. "त्यांच्यावर संशय घेतला ही माझी चूक. त्यांची मी जाहीर माफी मागतो." इथपर्यंत आक्कांनी सांगितलेलं होतं. पुढचं त्यांनी स्वतः घातलं. "गुन्हेगार मी शोधून काढला आहे. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझा संशय माझ्यावरच होता!"

प्राध्यापकांच्या बायकोनं मागून वाकून शिवणबाईंच्या मांडीवर पडद्याचं कापड ठेवलं. "घाई नाही म्हटलं होतं," ती पुटपुटली, "पण तशी आहे."

मंचावर साहेब प्रकरण मिटल्यावर नेहमी उभे राहतात तसे, दोन्ही हात खिशात घालून उभे राहायला गेले. हात कापडावरून घसरले. त्यांनी वरचा खिसा चाचपला. तोही बंद. मग छातीवरचा, काखेतला, कमरेचा, अस्तरातला चोरखिसा. सगळ्या वसाहतीसमोर साहेब गुन्हेगाराची पाहिजे तशी कसून झडती घेत होते, आणि गुन्हेगार एक हात वर करून उभा होता.

"सातही?" आक्कांनी हळूच विचारलं.

"सातही," शिवणबाई म्हणाल्या. "दुहेरी टाका आहे. उसवायचा नाही."