सुशीलाबाईंची हलगी

सुशीलाबाई बोलता बोलता समोर जे असेल त्यावर बोटांनी ताल धरतात. टेबल, दुधाचा कॅन, एकदा तर चेअरमन साहेबांचं हेल्मेट. ते साहेबांच्या डोक्यावर होतं.

वडवणीजवळच्या आमच्या दूध सोसायटीत बाई कॉम्प्युटरवर, मी फॅट काढायच्या मशीनवर. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आम्हा दोघांना काम उरलं नाही. मी पेपर वाचायचो. बाईंनी यूट्यूबवर बघून बघून मोबाईलचा गेम बनवायला घेतला. हलगी वाजते, वरून ठिपके उतरतात, ठेक्यावर बोट पडलं की ठिपका फुटतो. एवढंच. पण त्यापायी आठवडाभर माझा जीव खाल्ला.

"दादा, ठिपका आधी येतोय का हलगी?"

मला दोन्ही एकदमच वाटायचं.

"मंग तुमी फॅटच काढा," म्हणायच्या.

एकदा चेअरमन साहेब चिडले. "बाई, सोसायटीच्या कॉम्प्युटरवर खेळ कावून चाललाय?"

"दूध येईना, साहेब. आलं की उठते." मान वर केली नाही.

गेम फोनाफोनांतून पसरला. शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्या तो कारखान्यापर्यंत घेऊन गेल्या. मग पुण्याच्या एका कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला. त्याला गेम हवा होता, दोन बदल करून. हलगीऐवजी ड्रम, आणि तीन चुका झाल्या की खेळ खलास. बाईंच्या गेममध्ये हरणं नव्हतंच. चुकलं की हलगी थांबायची, तुमच्या बोटाची वाट बघायची.

"हरायची भीती नसेल तर लोक खेळतील कशाला?" तो म्हणाला.

"खेळायलेत की."

"सगळ्या गेममध्ये असंच असतं, मॅडम."

"असू द्या. माज्यात हलगी बी निघणार न्हाई अन् माणूस बी बाद होणार न्हाई."

तो चहा न घेताच गेला. मला हळहळ वाटली. दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या नाहीत, म्हणून समजूत घालायला घरी गेलो.

ओट्यावर त्यांचे वडील बसले होते. आबांनी जन्मभर हलगी वाजवलेली. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, डावाही थरथरतो. मांडीवर फोन होता. ठिपका खाली येऊन थांबलेला, हलगी गप्प. आबांचं बोट काचेकडे निघालं, वाटेत भरकटलं, पुन्हा वळलं. टेकलं. एक ठोका वाजला. पुढचा ठिपका येऊन थांबला.

मी काही बोलणार, तर दारात तांदूळ निवडणाऱ्या बाईंनी हातानंच खुणावलं.

"बसा दादा," त्या हळू म्हणाल्या. "आबा वाजवायलेत."