सहानंतर आठ

संतूअण्णांची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा आम्ही दोघंही कमरेत वाकलेले होतो. मी नवा ग्रामसेवक, वय तेवीस, ट्रंक घेऊन कुंभारवाड्याला बसमधून उतरलो, तर समोर एक काटकुळे गृहस्थ हात मांड्यांना चिकटवून, जमिनीकडे बघत, वाकून उभे. मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. परक्या गावात पहिल्याच दिवशी माणुसकी दाखवावी म्हणून मीही वाकलो आणि शोधू लागलो. मी वाकलेला बघून ते आणखी वाकले. ते आणखी वाकले त्या अर्थी वस्तू बारीक असणार, असं समजून मीही आणखी वाकलो. शेवटी कंडक्टर म्हणाला, "अहो, ट्रंक तरी बाजूला घ्या," तेव्हा आम्ही सरळ झालो. संतूअण्णांचा चेहरा फुलला होता. लढाईवरून परत आल्यापासून त्यांच्या जपानी नमस्काराला गावात कुणी धड उत्तर दिलं नव्हतं, ते मी दिलं होतं.

"कुटलं तुमी?"

"खानापूरकडचा."

"व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला राहायला थेट आपल्या घरी नेलं. भाडं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आजचा जोयडा तालुका त्या वेळी सुपा तालुका होता. सरकारनं ‘जपानी पद्धतीची भातशेती’ गावोगाव न्यायचं मनावर घेतलं होतं. गादीवाफ्यावर रोप करायचं, दोरी धरून ओळीत लावायचं, मधनं कोळपं फिरवायचं. हे शिकवायला सरकारनं मला पाठवलं. माझ्या वडलांचं कापडाचं दुकान. जन्मात मी चिखलात पाय घातला नव्हता. माझ्याजवळ होतं एक पातळसं चोपडं आणि त्यात हसऱ्या जपानी शेतकऱ्याचं एक चित्र.

वाडीतल्या लोकांना मी ते चित्र दाखवलं. एक म्हातारा म्हणाला, "कागदावरचा कशाला पायजे? आमच्याकडं घरचा जपानी हाय की." सगळ्यांनी संतूअण्णांकडं बोट केलं. संतूअण्णा वाकले.

संतूअण्णा पलटणीत होते. लढाईत मलायात जपान्यांच्या हाती सापडले आणि तीन-साडेतीन वर्षं कैदेत राहिले. बाकीचे शिपाई परत येताना बूट आणि कांबळी घेऊन आले, हे जपानी भाषा घेऊन आले. लग्न केलं नाही. थोरली बहीण गंगाक्का विधवा होऊन माहेरी आली होती, तिच्या हातचं खात आणि तिच्या तोंडचं ऐकत त्यांचा संसार चालला होता.

त्यांचं घर म्हणजे आमच्या रानातलं जपान. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, हे आपल्याकडेही आहे. पण संतूअण्णा गोठ्याबाहेरही काढत. म्हशीच्या घरात चपला घालून गेलं तर म्हशीचा अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं. भात ते दोन बांबूच्या काड्यांनी खायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यातलं काहीतरी निवडतायत. गंगाक्का सकाळी पेजेचा वाडगा पुढं ठेवून शांतपणे विचारायची, "ही कशानं खातोस, दाव बगू." पेजेच्या बाबतीत जपाननं हार पत्करली होती.

आणि त्यांची आंघोळ. सडकेच्या कामावरून त्यांनी डांबराचं एक रिकामं पिंप मिळवलं होतं. महिनाभर राख लावून घासलं, तरी त्यातून निघालेला माणूस उन्हात थोडा चिकटायचा. चार वाजता पिंपाखाली जाळ करायचा, पाणी कढत झालं की आत उतरायचं आणि गळ्यापर्यंत बुडून बसायचं. बाहेर फक्त मुंडकं. येणारा-जाणारा हटकून गंगाक्काला विचारायचा, "शिजला का?" गंगाक्का म्हणायची, "अजून कच्चा हाय, लाकूड घालतोय."

मी एकदा विचारलं, "अण्णा, कैद्यांना अशी आंघोळ मिळायची?"

"छ्या. आमी पानी व्हाऊन घालायचं. बसायचे ते लोक. तीन वर्सं पानी व्हायलं, तवाच ठरवलं, घरला गेलो की आपून बसायचं."

माझं जपानी शिक्षण बांधावर सुरू झालं. पाटी नाही, पुस्तक नाही. ते शब्द म्हणायचे, मी म्हणायचो आणि तसं करून दाखवायचं. ऊठ, बस, उचल, खण, थांब, लवकर. मी धीर सोडला की म्हणायचे, "भितोस कशाला तम्मा? आपल्यात हाय म्हंजे हाय, आन् त्येंच्यात हाय म्हंजे व्हय. निम्मं जपानी तर पोटातनंच शिकून आलास." मला ते पहिल्या महिन्यातच ‘तम्मा’ म्हणायला लागले होते. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

त्यांचा पहिला विद्यार्थी मात्र मी नव्हे. पहिला विद्यार्थी ढवळ्या बैल. ‘हायाकू’ म्हटलं की तो चालायचा आणि ‘तोमारे’ म्हटलं की थांबायचा. दुसरी भाषा त्याला कळत नसे. एका नडीच्या साली संतूअण्णांनी तो कुळगीच्या एका शेतकऱ्याला विकला. चौथ्या दिवशी तो माणूस बैल घेऊन पायी परत आला. म्हणाला, मारून बघितलं, गोंजारून बघितलं, हा जागचा हलत नाही. संतूअण्णांनी त्याला दुपारी जेवू घातलं, झाडाखाली बसवून दोन शब्द पाठ करून घेतले आणि परत पाठवलं. तो म्हणे ‘हायाकू, हायाकू’ करत रानातून गेला आणि बैल त्याच्यापुढं धावत.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, मी तेव्हा किती डोळे झाकून शिकत होतो. त्या जपानीत ‘मला भूक लागली’ असं म्हणायची सोय नव्हती. ‘घर’ हा शब्द नव्हता, ‘आई’ नव्हता. होते ते सगळे हुकूम. एखाद्या भाषेत काय आहे ते विद्यार्थी शिकतो, तिच्यात काय नाही ते त्याच्या लक्षात येत नाही. शिवाय संतूअण्णा ते हुकूम इतक्या मऊ आवाजात सांगायचे की मला ती फार प्रेमळ लोकांची भाषा वाटे.

आकडेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. लावणीच्या वेळी. पावसासाठी डोक्या-पाठीवर पानांची इरली घेऊन बायका ओळीत उभ्या, दोन बाजूंना दोरी धरून संतूअण्णा आणि मी. एक ओळ झाली की दोरी एक वीत मागं. संतूअण्णा मोजायचे, "इची, नी, सान, शी, गो, रोकू." मग दोरी वीतभर सरकायची, ते गप्प उभे राहायचे, कुणी रोप लावायचं नाही. पुन्हा दोरी सरकली की "हाची, कू, जू." मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दर नऊ ओळींमागे एक ओळ रिकामी.

मी चोपडं उघडून पाहिलं. त्यात रिकाम्या ओळीचा उल्लेख नव्हता. पण चोपडं मुंबईत छापलेलं आणि संतूअण्णा खुद्द जपान्यांच्या हाताखालून आलेले. मी विचारलंसुद्धा, "अण्णा, ही जागा का सोडायची?"

"सोडायची आस्ती," ते म्हणाले.

शिक्षण घेतलेल्या माणसाला कारण लागतंच, आणि मिळालं नाही तर तो ते तयार करतो. मी अहवालात लिहिलं, ‘दर नऊ ओळींमागे एक ओळ मोकळी ठेवण्याची जपानी रीत असून त्यामुळे पिकात हवा खेळती राहते.’ दैव असं की त्या वर्षी वाडीचं पीक चांगलं आलं. तालुक्याच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पुढच्या हंगामात सगळीकडे तशी लावणी करायला सांगितलं. भाद्रपदात टेकडीवर उभं राहिलं की खालच्या हिरव्यागार खाचरांत जागोजाग भांग पाडल्यासारख्या पट्ट्या दिसायच्या. माझी छाती फुगायची. नोकरीत कायम होण्याचा हुकूमही आता यायच्या बेतात होता.

हुकमाआधी पाहुणे आले. एक खरेखुरे जपानी भाततज्ज्ञ देशभर शेतं बघत फिरत होते, त्यांना आमची शेतं दाखवायचं साहेबांनी ठरवलं. वाडीत एकच विषय. संतूअण्णांची भाषा खरी की पिंपात बसून रचलेली, याचा आता निकाल लागणार होता. अण्णांनी जुनी खाकी अर्धी चड्डी काढून निखाऱ्याच्या तांब्यानं इस्त्री केली. आठ दिवस रोज बांधावर वाकायची तालीम. गंगाक्का म्हणाली, "खऱ्या जपान्याला तुझं कळलं न्हाई, तर मी पिंप इकून टाकीन."

पाहुणे आले. पिकलेल्या केसांचे, ठेंगणे, डोक्यावर कापडी टोपी, बरोबर मुंबईचा दुभाषा. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुणी काही म्हणायच्या आत खाचरात उतरले. सगळी वाडी संतूअण्णांकडं बघत होती. आणि बसला वाकणारे, म्हशीला वाकणारे, टपालवाल्याच्या सायकलीलाही वाकणारे संतूअण्णा वाकलेच नाहीत. हात बाजूला घट्ट, मान ताठ, नजर समोर. चेहऱ्यावरचा रंग गेलेला.

पाहुण्यांनी रिकाम्या पट्टीकडं बोट दाखवून काही विचारलं. दुभाष्यानं सांगितलं, "हे काय आहे म्हणतात."

साहेब हसून म्हणाले, "सांगा त्यांना, ही त्यांचीच पद्धत."

पाहुण्यांनी मान हलवली. नाही. अशी पद्धत आमच्याकडं नाही.

साहेब माझ्याकडं वळले. "अख्ख्या तालुक्यात लावायला सांगितलंय मी हे. कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

काहीतरी सिद्ध करावं म्हणून मी ओळींकडं बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागलो, "इची, नी, सान, शी, गो, रोकू, हाची..."

पाहुणे हसले. लहान मुलाचं चुकलं की गुरुजी हसतात तसे. एक बोट वर करून म्हणाले, "शिची." सहानंतर सात येतात, ते मी गाळले होते. दोन वर्षं मी नऊ आकड्यांत दहा मोजत होतो.

"शिची," मी त्यांच्यामागून म्हटलं.

"न्हाई." संतूअण्णा बोलले. मग त्यांनी टाचा जुळवल्या, पाहुण्यांकडं बघितलं आणि हजेरी देताना देतात तशा कोरड्या, मोठ्या आवाजात जपानीत म्हणाले, "शिची, इनाई."

सात नंबर हजर नाही.

पाहुण्यांचं हसू थांबलं. त्यांनी अण्णांची खाकी चड्डी पाहिली, जुळलेल्या टाचा पाहिल्या. हळू आवाजात काही विचारलं. अण्णा म्हणाले, "मलाया."

पाहुण्यांनी टोपी काढली. चिखलात उभ्या उभ्या, त्या रिकाम्या पट्टीकडं तोंड करून ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तेव्हा कुठं संतूअण्णा वाकले. मीही वाकलो. साहेबांना वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी पडलं. तेही खाली वाकून भाताच्या मुळाशी शोधायला लागले.

सरळ झाल्यावर पाहुणे दुभाष्याशी थोडकं बोलले. दुभाषा म्हणाला, "ते म्हणतात, आता आठवलं. आमच्याकडेही काही ठिकाणी अशी जागा ठेवतात. ही पद्धत मोडू नका." साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. माझी नोकरी राहिली.

दुपारी पाहुण्यांची जीप गेल्यावर आम्ही दोघं बांधावर भाकरी खात बसलो. अण्णा आपणहून बोलले.

"दत्तू. तुझ्या खानापूरकडचा. हजेरीला म्या रोकू, माझ्या बाजूला त्यो शिची. लई हसवायचा. त्येच्या नकला बघून भुकेचा इसर पडायचा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तापानं गेला. दुसऱ्या दिशी हजेरी. म्या म्हनलं रोकू. फुडच्यानं शिची म्हनायचं, तर त्याच्या जिभंवर आपला जुनाच आकडा, त्यो म्हनला हाची. पहाऱ्यावरच्यानं काठी उचलली. म्हातारा जपानी हुता, शेतकरीच. त्यानं मोकळ्या जागंकडं बगितलं, आन् काठी खाली केली. सुटका हुईस्तोवर ती जागा तशीच ऱ्हायली. त्या लोकांनी भरली न्हाई तम्मा. मग म्या कशाला भरू?"

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. म्हटलं, "अण्णा, गावाला सांगायचं तरी. लोक तुम्हाला येडा म्हणतात."

"म्हनू देत. सांगितलं आसतं तर बायांनी रडत लावनी केली आसती. दत्तूला ते नसतं आवडलं." मग एकदम त्यांचे डोळे हसले. "आता बग की. अख्खा तालुका त्येला जागा सोडतोय, आन् ते बी सरकारी हुकमानं."

पुढच्या वर्षी लावणीला दोरीचं एक टोक माझ्याकडं, दुसरं अण्णांकडं. अण्णा मोजत होते. रोकू म्हणून ते थांबले आणि दोरी सरकली. बायका आपापसांत हसत-बोलत होत्या, पलीकडं कुणीतरी अण्णांच्या जपानी नमस्काराची नक्कल करत होतं. मी गंगाक्काकडं पाहत होतो. अण्णांना सगळ्यात जास्त येडा म्हणणारी तीच. रोपांच्या जुड्या घेऊन तिला पलीकडं जायचं होतं. त्या रिकाम्या ओळीपाशी ती थबकली, जुड्या एका हातात घेतल्या, इरल्याखाली हात घालून डोक्यावरचा पदर नीट ओढला, आणि वडीलधाऱ्या माणसासमोरून जावं तशी खाली बघत बाजूनं निघून गेली.