आईची परीक्षा आणि माझी काठी

परीक्षा आईची होती आणि घसा माझा बसला होता.

कारण आदल्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी पाच पोरांची तालीम घेत होते. कशाची, ते सांगते. माझी आई नाशिकला सिडकोतल्या एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. सगळे तिला मैनाताई म्हणतात. मी बालवाडीत होते तेव्हापासून ती तिथे घंटा वाजवते, नाकं पुसते, रडणाऱ्यांना हसवते आणि बाई निवडणुकीच्या ड्यूटीवर गेल्या की अख्खा वर्ग सांभाळते. आता तिने मुक्त विद्यापीठातून शिक्षणाचा डिप्लोमा करायला घेतलाय. तिथे एक सोय आहे. तुम्ही आधी शाळेत काम केलं असेल, तर त्या अनुभवाचे श्रेयांक मिळतात. श्रेयांक मिळाले की दुसरं वर्ष माफ. आणि दुसरं वर्ष माफ झालं, तर जूनपासून पहिलीचा वर्ग आईचा, असं मुख्याध्यापिकांनी कबूल केलं होतं. नाही मिळाले, तर ती जागा दुसऱ्या कोणाला आणि आई परत घंटेला.

मे महिना असल्याने शाळा बंद. म्हणून विद्यापीठाच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आसपासची मुलं जमवा, मी घरीच येते. अर्धा तास वर्ग घ्या, तुम्ही मुलांना कसं हाताळता ते मला बघायचंय."

आई म्हणाली, "मणी आणि चिंचोके घेऊन बसेन. गप्पा मारत मोजायला शिकवेन."

"चिंचोके?" मी किंचाळले. "आई, विद्यापीठातून माणूस येणार आहे!"

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर' सोडून काही बोलायचे नाही. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून माझ्या तोंडाचा नळ सुटला तो सुटलाच. दूधवाल्याशी बोलतानाही माझे हात आपोआप व्यासपीठावर असल्यासारखे हलायचे. पप्पा ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे ते लवकर निघायला लागले होते. कामाचा ताण असेल, असं मला वाटायचं.

तर आईचा पाठ मी ठरवला. विषय, आपला परिसर. चार प्रश्न मी लिहून दिले. शेवटी पाचवं मूल स्वतःहून उभं राहून दोन शब्द बोलणार. आई म्हणाली, "एवढं ठरवून पोरं बोलतात का गं?" मी म्हणाले, "ते माझ्यावर सोड."

आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार असले की बाई काय करतात, ते मला पाठ होतं. प्रत्येकाला एकच प्रश्न आणि एकच उत्तर द्यायचं, आणि त्याच क्रमाने बसवायचं. मी तेच केलं. पिंकीला 'गोदावरी'. सनीला 'चार'. रोहितला 'पूर्वेला'. वेदिकाला 'मी पोलीस होणार'. आणि सगळ्यात छोट्या बंटीला, 'मैनाबाई सगळ्यात छान शिकवतात.' बरोबर आलं तर चॉकलेट. हे आईला सांगितलं नाही. तिला कसं, सहज वाटायला हवं ना.

सकाळी आठला निकिता आहेर मॅडम आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर काहीही नाही. गच्चीच्या अर्ध्या भागात तळमजल्यावरच्या नवसाकाकूंच्या कुरडया वाळत पडल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात सतरंजी आणि त्यावर पोरं. मी पाण्याच्या टाकीमागे लपून मोजलं. चारच!

"पिंकी कुठंय?" मी सनीला खुणेने विचारलं.

"मामाकडं गेली, नांदगावला. पहिल्या बसनं," सनी अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं ओरडला. आणि पिंकीची जागा रिकामी दिसली म्हणून सगळे शहाण्यासारखे एकेक घर पुढे सरकून बसले.

आईने पहिल्या मुलाकडे बघून हसून विचारलं, "सांग बरं, आपल्या नाशिकमधून कोणती नदी वाहते?"

"चार!" सनी म्हणाला.

आईच्या भुवया वर गेल्या. पण तिने पुढे विचारलं, "बरं. रोहित, गाईला किती पाय असतात?"

"पूर्वेला!"

"वेदू, सूर्य कुठे उगवतो गं?"

"मी पोलीस होणार!"

मॅडमनी पेन उघडलं. आईने बंटीला विचारलं, "आणि बंटीशेठ, तुम्ही मोठेपणी कोण होणार?"

"मैनाबाई सगळ्यात छान शिकवतात," बंटी म्हणाला आणि टाकीकडे हात पसरून ओरडला, "सृष्टीताई, चॉकलेट!"

शहाणी मुलगी असती तर तिथेच टाकीमागे बसून राहिली असती. मी बाहेर उडी मारली.

"आदरणीय परीक्षक महोदया," मी सुरू केलं, "आपण आत्ता पाहिलंत ती एक अभिनव पद्धत आहे. यात मूल आधी उत्तर देतं आणि प्रश्न त्याच्यामागून येतो..."

"अस्सं?" मॅडम म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

त्या लिहितायत म्हटल्यावर मला आणखी चेव आला. मी रोहितला उभं केलं, "सांग, सूर्य कुठे?" तो घाबरून म्हणाला, "ते वेदूला विचारलंय." वेदू रडायला लागली. सनी केव्हाच कुरडयांपाशी पोचला होता आणि अर्धी ओली कुरडई त्याच्या गालात होती. वरून दोन कावळे उतरले. तेवढ्यात जिन्यातून नवसाकाकूंचा आवाज आला, "कोन हाय गं माह्या कुरडयांपाशी? लय राबून केल्यात त्या!" आणि मी? मी मॅडमना बालमानसशास्त्र समजावत होते.

आईने एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग ती सावकाश उठली. नवसाकाकूंची कावळे हाकायची काठी भिंतीला टेकलेली होती, ती घेऊन माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता बसणार एक.

"सृष्टी," ती हळूच, अगदी गोड आवाजात म्हणाली, "किती छान बोलतेस गं तू. मला एक मदत करशील? हे काम मी कोणालाही देत नाही. ही काठी घे आणि त्या कोपऱ्यात उभी राहा. एकही कावळा यायला नको. बोलायचं मात्र नाही हं, आवाज आला की कावळे सावध होतात. जमेल तुला?"

"जमेल!" मी म्हणाले. खरं सांगते, मला अभिमान वाटला. मी ताठ उभी राहिले.

मग आई कुरडयांपाशीच मांडी घालून बसली. वेदूला मांडीवर घेतलं. "सनीदादा, या ओळीत कालपर्यंत दहा होत्या म्हणे. मोज बघू." सनीने मोजल्या, नऊ भरल्या. "मग एक कुठे गेली?" सगळ्यांनी सनीच्या गालाकडे बोट दाखवलं. वेदू रडता रडता हसली. नवसाकाकू कमरेवर हात ठेवून आल्या तर आई म्हणाली, "या काकू, पोरं तुमचीच वाट बघतायत. गव्हाचा चीक कसा काढतात, सांगा ना त्यांना."

"मी? मी काय सांगनार बाई," असं म्हणत काकू बसल्या आणि मग उठेचनात. गहू किती दिवस भिजवायचे, सोऱ्या कोणी फिरवायचा, सगळं झालं. पोरांनी बोटांवर दिवस मोजले. बंटीने तर चॉकलेटचं नावही काढलं नाही. मी कोपऱ्यातून एक शब्द बोलले नाही. तीन वेळा कावळे आले, तीनही वेळा परतवले.

वर्ग संपला. मॅडम झोळी उचलत आईला म्हणाल्या, "पाठाचं काय झालं ते मी विचारत नाही. तो तुमचा नव्हताच, ते दिसलं. पण वर्ग हाताळण्याचे पूर्ण श्रेयांक देण्याची शिफारस मी करतेय. दुसरं वर्ष तुम्हाला करावं लागेलसं वाटत नाही."

आईच्या हातातला पदर तोंडाशी गेला. माझ्याच्याने राहवलं नाही. आवाजाची अट आता संपली होती.

"मॅडम, पण एवढं काय बघून? म्हणजे मुलं तर सगळी बिथरली होती!"

"चौघं नाही बिथरली. ती लहान आहेत, घाबरली होती," मॅडम म्हणाल्या. "पण या वर्गात एक फार अवघड मूल होतं. सारखं मध्ये बोलणारं, दुसऱ्याला बोलू न देणारं, वर मलाच शिकवणारं. असं मूल एखाद्या वर्गात असलं की अनुभवी शिक्षकही रडकुंडीला येतात. तुमच्या आईने त्याला न रागावता, न दुखावता, एका मिनिटात कामाला लावलं. वर त्याला वाटलं, आपला सन्मान झालाय. हे पुस्तकातून येत नाही."

"अगंबाई, खरंच?" मी म्हणाले. "कोण, सनी?"

मॅडमनी माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं. नवसाकाकूंनी पाहिलं. बंटीनेसुद्धा पाहिलं. आई मात्र घाईघाईने सतरंजी झटकू लागली. तिचे खांदे हलत होते.

काठी तिथेच आपटून तरातरा जिना उतरावा, असं मला फार वाटलं. पण टाकीवर परत कावळा येऊन बसला होता, आणि ते काम आई कोणालाही देत नाही.