शेजारच्या टीव्हीवर अबोलीची पीएचडी

"फोनवर बघू की आपण दोघं," चारुशीला म्हणाली होती. तेव्हाच मी मुकाट्यानं मान डोलावली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी म्हणालो, "छे! पोरगी जर्मनीत पीएचडीची शेवटची परीक्षा देणार, आणि आपण ती तळहाताएवढी बघायची? टीव्हीवर लावतो. त्रेचाळीस इंच! लॅपटॉपची वायर टीव्हीत खुपसायची, झालं."

(मी साताऱ्यात सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकून आहे. "झालं" हा शब्द मी तरी जपून वापरायला हवा होता.)

अबोली आमची एकुलती एक. यंत्र बिघडण्याआधीच ते बिघडणार हे ओळखायचं, असा तिच्या संशोधनाचा विषय. परीक्षा सगळ्यांसमोर असते म्हणे. प्रोफेसर लोक पुढं बसतात, ही उभी राहून बोलते आणि ज्याला हवं त्यानं घरबसल्या बघावं. तिनं लिंक पाठवली होती आणि वर बजावलं होतं, "दुपारी अडीच, बाबा. अडीच म्हणजे अडीच. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही."

चारुशीलानं विट्याला भावाला फोनवर एवढंच सांगितलं की, "हे अबोलीला टीव्हीवर दाखवणार आहेत." झालं! परीक्षेच्या दिवशी दीड वाजता आमच्या दारात अकरा माणसं. सर्वांत पुढं मेहुणे हंबीरराव. त्यांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. सध्या सुट्टीवर आलेले. त्यांच्यामागं आमच्या सासूबाई राहीबाई, घडी मोडलेल्या नव्या लुगड्यात.

"दाजी, साऱ्या आळीला सांगून आलोय," हंबीरराव म्हणाले. "तिकडं घरोघर टीवी लावून बसल्याती. च्यानल नंबर तेवढा सांगा."

"अहो, चॅनलवर नाही. आमच्याच टीव्हीवर."

"फकस्त तुमच्याच? आन् मग मी सांगून आलोय त्येंचं काय?"

त्यांना चहात गुंतवून मी वायर घेतली. एक टोक लॅपटॉपात, दुसरं टीव्हीत. टीव्हीवर निळा पडदा, मध्यभागी 'नो सिग्नल'.

"आबुली कुटं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"येतेय, येतेय."

मागं दोन भोकं होती, वायर दुसऱ्यात होती आणि रिमोट पहिल्याकडं बघत होता, हे कळायला वीस मिनिटं गेली. रिमोटवर दुसरं भोक निवडलं आणि चित्र आलं! टाळ्या पडल्या! मी चक्क वाकून नमस्कार केला. पण चित्राच्या चारही कडा कापलेल्या. खालची पट्टी गायब, वरचं बंद करायचं बटण गायब. त्यात रंग असा जांभळा की लॅपटॉपवरचा अबोलीचा फोटो वांग्यासारखा दिसायला लागला.

"पोरगी तिकडं काय खाती न्हाई वाटतं," सासूबाई हळहळल्या.

वायर जरा हलवली तर जांभळा गेला, पण हिरवा आला. कडा आत आणायच्या म्हणून मी सेटिंगमध्ये शिरलो आणि तिथला सर्वांत मोठा आकडा निवडला. (मोठं ते चांगलं, ही माझी साधी समजूत.) टीव्ही काळाठिक्कर पडला. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं.

चारुशीलानं आधी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यामुळे त्या बघण्याचा अर्थ मला कळतो.

"वायर गेली खड्ड्यात!" मी गरजलो. "आता वायरशिवाय जोडतो! हवेतून!"

अकरा जणांच्या तोंडून "आँ?" निघालं. मला एकदम स्फुरण चढलं. लॅपटॉपवर शोधलं, तर आमच्या टीव्हीचं नाव झळकत होतं. दाबलं. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि खाली अक्षरं आली : कनेक्टेड!

"जोडला!" मी ओरडलो.

सगळ्यांनी टीव्हीकडं पाहिलं. काळाठिक्कर.

आता लॅपटॉप म्हणतो जोडलंय, म्हणजे जोडलेलं असणारच. कदाचित अक्षरं बारीक असतील, म्हणून दिसत नसतील, असा मी विचार केला. (हा विचार मी शुद्धीत केला.) पाहावं म्हणून हाताला लागेल ती एक फाईल उघडली आणि अक्षरं मोठी करत गेलो. वीस, चाळीस, बहात्तर! टीव्ही ढिम्म.

इतक्यात शेजारच्या जरिनाभाभी धापा टाकत दारात आल्या.

"चारुशीलाताई, भाऊंना जरा थांबवा! आमच्या टीव्हीवर सगळं त्यांचंच येतंय!"

दसऱ्याला दोन टीव्ही एकदम घेतले तर सवलत होती, म्हणून आम्ही आणि शेजारच्या कुतुबुद्दीन सरांनी एकाच दुकानातून एकाच कंपनीचे टीव्ही घेतले होते. दोन्ही टीव्हींचं नावही तेच. आणि मधे फक्त एक भिंत.

"मी शिरखुर्म्याची रेसिपी बघत होते," भाभी सांगू लागल्या. "मधेच टीव्हीनं विचारलं, चिंतामण यांना परवानगी द्यायची का? आता शेजारचे भाऊ परवानगी मागतात, नाही कसं म्हणायचं? दिली!"

मी वळून लॅपटॉपकडं पाहिलं. बहात्तर आकड्यात उघडलेली फाईल कोणती, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

कुतुबुद्दीन सर हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. हल्ली पेटी शिकतात. पहाटे पाचला. त्याविषयी मी रागाच्या भरात नगरपालिकेला एक निनावी अर्ज लिहिला होता. पाठवायचं धाडस झालं नव्हतं. 'शेजारील इसम पेटीतून जो आवाज काढतात, त्यास संगीत म्हणणे कायद्यात बसत नाही,' असं त्यात एक वाक्य होतं. माझं स्वतःचं.

मी फाईल बंद केली, पण भाभींच्या मागं सर उभेच होते.

"चिंतामणराव," ते शांतपणे म्हणाले, "ध्वनिप्रदूषणात नि ऱ्हस्व आणि दू दीर्घ. तुम्ही दोन्ही उलटं लिहिलंय."

जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं. पण घड्याळात दोन पंचवीस झाले होते.

"सर, मी... ते..."

"ते नंतर. पेटी मी पाचऐवजी सहाला वाजवीन. पोरीची परीक्षा आहे ना? आमच्या टीव्हीवर लागतंय तर आमच्याकडेच चला की सगळे!"

मग आमची वरात निघाली. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरलेला, काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तसा. मागं चारुशीला चकल्यांचा डबा घेऊन, सासूबाई, हंबीरराव आणि अख्खं विटं. दोन एकोणतीसला मी लिंक दाबली, आणि आली! अबोली आली! कडांसकट, खऱ्या रंगात, आवाजासकट!

"आगं माजी बाय गं!" सासूबाईंनी टीव्हीवरूनच तिची दृष्ट काढली. जरिनाभाभींनी चारुशीलाचा हात घट्ट धरला. हंबीररावांनी फोनवरून विट्याला खबर दिली, "लागलंय रं! लय झ्याक दिसतीया!"

ती अर्धा तास न अडखळता बोलली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ऊर असा भरून आला की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटलं. शेवटी पडद्यावर माझाच फोटो आला! ती आभार मानत होती. एवढं इंग्रजी मला येत होतं, म्हणून मी उभा राहिलो आणि सगळ्यांना मोठ्यानं मराठीत सांगू लागलो :

"ती म्हणतेय, हे माझे वडील! ... माझं सगळं संशोधन यांच्यामुळे सुरू झालं!"

"वा दाजी!"

"ती म्हणतेय, लहानपणी घरातलं प्रत्येक यंत्र बाबा स्वतः दुरुस्त करायचे!... आणि यंत्र आता बिघडणार, हे ओळखायची पहिली खूण मला तेव्हाच... मला तेव्हाच..."

मी थांबलो.

"फुडं? फुडं काय म्हनली?" सासूबाई पुढं सरकल्या. टीव्हीत तो सगळा जर्मन हॉल पोट धरून हसत होता.

"पुढं... आवाज गेला."

"आवाज कुठं गेलाय?" कुतुबुद्दीन सर चष्मा सारखा करत उठले. अर्जाची भरपाई त्यांना अशी मिळेल असं त्यांनाही वाटलं नसावं. "मी सांगतो. ती म्हणाली, बाबांनी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला, की ते यंत्र गेलं!"