डॉक्टर युसुफचा दाखला

माणूस भेटला की आमचा युसुफ आधी त्याचे पाय बघायचा. पाया पडायला नव्हे, भेगा बघायला. भेग दिसली की झोळीतून बाटली काढायचा, बोटांमधला चिखल चमच्यानं खरवडून घ्यायचा आणि मगच विचारायचा, "बरा हायस ना?" कासू गावात मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यानं सोडलं नाही. सोयरीक जुळली, पण नवरा बोहल्यावर बूट घालूनच चढला.

हे सून लिहून घेतेय. माझे डोळे गेलेत असं मी तिला सांगितलंय.

युसुफ आणि मी गावच्या शाळेत एका पाटावर बसलो. मी दुसरीत शाळा सोडली. मास्तर ओरडला आणि मी कुणाचं ऐकून घेणारा नव्हतो. तो शिकत राहिला आणि जंतूंचा डॉक्टर झाला. मुंबईत, मग परदेशात, आयुष्यभर एकाच तापाच्या मागे. उंदीर शेतात मुततो, जंतू चिखलात उतरतो, भेगेतून माणसात शिरतो. लग्नाचं राहूनच गेलं. म्हातारपणी गावी परतला तोही या चिखलासाठी. लोक खोकल्याचं औषध मागायला यायचे, तर म्हणायचा, "मी तुमचा डॉक्टर नाय, तुमच्या आत बसलेल्याचा हाय."

एकदा गडब गावच्या हॉटेलात खुशीत बोलला, "म्हादू, आज आणखी दोघांनी माझा दाखला घेतला. एक तर ब्राझीलचा."

मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पेणच्या कचेरीत रांग लावलेला माणूस. विचारलं, फोटो किती लागतात? तो चहा सांडेपर्यंत हसला. मग समजावलं की तिकडचे शास्त्रज्ञ लिहिताना सांगतात, हे आधी युसुफनं दाखवलंय, तो दाखला.

शेजारच्या बाकड्यावर मात्र अर्धंच ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी रेशनकार्ड घेऊन त्याच्या ओट्यावर हजर. त्यानं तिचे पाय धुतले, भेगांना मलम लावलं आणि तिच्याबरोबर पेणला जाऊन रांगेत उभा राहिला.

शेवटचा लेख त्याला इथल्या तापातून वाचलेल्यांवर लिहायचा होता. आमच्या वाडीत तसा मी एकटा. एका भातलावणीला डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी उठलो. त्याला माझं रक्त हवं होतं, हकिगत हवी होती आणि कागदावर सही. "तुझ्याबिगर आपली वाडी राहून जाते रे," म्हणाला.

मी म्हटलं, इंग्रजी कागदावर सह्या केल्या त्यांच्या जमिनी गेल्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हातानं मराठीत लिहून घेऊन आला. मी म्हटलं, माझ्या रगताचा दाखला परमुलखात नको. तिसऱ्यांदाही आला. दर खेपेला झोळीत हात घालायचा, काहीतरी चाचपायचा आणि हात रिकामाच बाहेर काढायचा. चौथ्यांदा आला नाही. पुढच्या वर्षी वारला. लेख तसाच राहिला.

आता सूनबाई, हेही लिही. डोळ्यांचं खोटं हाय. मला वाचता येत नाय, सही येत नाय. दुसरीतली अक्षरं मिठागरात राबतानाच विरघळली. एका पाटावर बसलेल्या डॉक्टरपुढे अंगठा कसा उठवणार होतो?

त्याचं घर आवरायला रोह्याहून पुतणी आली होती. ती झोळी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "चाचा, यातल्या कागदावर तुमचं नाव हाय." मराठीतला तोच कागद. त्याच्या घडीत शाईचा छोटा पॅड, वरचं प्लास्टिकही न फोडलेलं.

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला लाज वाटेल म्हणून तीनदा चाचपला आणि तीनदा आतच ठेवला.

मी प्लास्टिक फोडलं. शाई सुकत आली होती. दोन थेंब पाणी टाकून अंगठा उठवला.

"आता चालंल का गो?"

पोर ठसा वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत आडवा धरून बसली.