चष्मामुक्त मोहटाकळी

चोपडा तालुक्यातील मोहटाकळी येथील प्राथमिक शाळेत आरोग्य पथक आले, त्याने विद्यार्थ्यांचे डोळे तपासले आणि काही विद्यार्थ्यांना लांबचे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. या विद्यार्थ्यांत पाचवीतली भाविका सर्वांत पुढे होती. फळ्यावरचे अक्षर वाचायला सांगितल्यावर तिने पथकालाच विचारले होते, "फया कोठे शे?"

मुख्याध्यापक योगेंद्र पाटील सरांना हे ऐकून वाईट वाटले, आणि थोडे हायसेही वाटले. ही हुशार मुलगी हल्ली वहीत काहीच्या बाही का लिहिते, हे त्यांना कळत नव्हते. मागच्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर 'सातपुडा पर्वत' लिहिले होते आणि भाविकाने ते 'सातबारा पर्यंत' असे उतरवून घेतले होते. त्याबद्दल सर तिला रागावलेही होते.

तिचे आजोबा उखर्डू आबा यांनाही उलगडा झाला. त्यांचा केळीचा मळा शाळेला लागूनच होता. ते म्हणाले, "पोरगी माले सोडीसन बुजगावनाले राम राम करस, सर. माले वाटनं, मनावर राग व्हई."

"राग नाही आबा, नंबर आहे. शासनाकडून चष्मा मोफत मिळणार आहे तिला."

"कव्हय येई?"

"प्रस्ताव पाठवलाय," सर म्हणाले. आबा समजूतदार होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

प्रस्ताव मंजूर झाला. परंतु मंजुरी चष्म्यांना होती, फ्रेमच्या रंगाचा उल्लेख तीत नव्हता. त्याबाबत वरून मार्गदर्शन मागवण्यात आले. मार्गदर्शन येईपर्यंत मार्च संपला आणि त्याबरोबर तरतूदही संपली. एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, चष्म्यांऐवजी एक परिपत्रक आले. 'चष्मे उपलब्ध होईपर्यंत विद्यार्थ्यांची दृष्टी नैसर्गिक पद्धतीने सुधारण्यात यावी,' असे त्यात म्हटले होते. जूनमध्ये त्याचे सुधारित परिपत्रक आले. त्यात पहिले तीन शब्द गाळण्यात आले होते आणि उपक्रमाला 'निसर्गदृष्टी अभियान' असे नाव देण्यात आले होते.

शाळेतले दुसरे शिक्षक चंदन सर तरुण होते आणि त्यांच्या मोबाइलवर या विषयाचे पुष्कळ व्हिडिओ होते. एप्रिलमध्ये पहिले परिपत्रक आले तेव्हाच या कामाची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली होती. त्या परिपत्रकात पहिला उपाय असा होता की, विद्यार्थ्यांना पहाटे दवाने ओल्या झालेल्या हिरवळीवर अनवाणी चालवावे. मोहटाकळीत त्या वेळी एप्रिल होता. दव नव्हते आणि गवत गुरांनी केव्हाच संपवले होते. चंदन सरांनी पोरांना आबांच्या केळीच्या मळ्यात नेले, कारण गावात ठिबकखालची तेवढीच जमीन ओली होती. गाजरांची शिफारस होती, पण गाजरे कुठून आणणार? 'स्थानिक उपलब्धतेनुसार बदल करण्यास हरकत नाही' या वाक्याचा आधार घेऊन मुलांनी केळी खाल्ली.

"केया मना मयान्या, आनि नाव सरकारनं," आबा एवढेच म्हणाले, आणि स्वतःच एक घड उतरवून देऊ लागले.

दुसरा उपाय उगवत्या सूर्याकडे पाहण्याचा होता. खानदेशातला एप्रिलमधला सूर्य उगवतो तोच दुपारचे मनात धरून. पोरांनी त्याच्याकडे पाहिले आणि नंतर बराच वेळ त्यांना भिंतीवर हिरवे-जांभळे गोळे दिसत राहिले. योगेंद्र सरांनी ताबडतोब हा प्रकार बंद केला. तोवर चंदन सरांचा अहवाल गेलेला होता. 'विद्यार्थ्यांना पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या आहेत,' असे त्यात नमूद होते. वरून अभिनंदनाचा संदेश आला.

प्रगती दरमहा अभियानाच्या अ‍ॅपमध्ये भरायची होती. नंबर वाढलेला भरला की रकाना लाल होई आणि खुलासा मागे. तेवढाच भरला तर पिवळा होऊन स्मरणपत्र पाठवी. कमी भरला की मात्र हिरवा होई आणि मोबाइलमधून टाळ्या ऐकू येत. योगेंद्र सरांनी पहिल्या महिन्यात खरे आकडे भरले. खुलासा लिहिण्यात त्यांचे गणिताचे तास गेले. दुसऱ्या महिन्यात चंदन सर म्हणाले, "सर, मी भरतो. तुम्ही शिकवा." त्यानंतर कार्यालयातून अधूनमधून टाळ्या ऐकू येऊ लागल्या.

चंदन सर खोटे भरत नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. ते प्रत्येक महिन्याला भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावत आणि मुलांना वाचायला सांगत. सराव व्हावा म्हणून तो तक्ता प्रार्थनेनंतर रोज सामुदायिक म्हटला जाई. दिवाळीपर्यंत तो पहिलीतल्या मुलांनाही पाढ्यासारखा येत होता. भाविका आता सहावीत गेली होती. तिने शेवटची बारीक ओळसुद्धा न अडखळता म्हटली. फक्त तिचे तोंड तक्त्याऐवजी शेजारच्या कॅलेंडरकडे होते. चंदन सरांनी तिला खांद्याला धरून तक्त्याकडे वळवले आणि नंबरच्या रकान्यात शून्य भरले.

योगेंद्र सरांनी तिला बाजूला घेऊन विचारले, "भाविका, खरंच दिसतं का गं?"

"पाठ शे, सर," ती म्हणाली.

त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अ‍ॅप उघडून शून्य पुसलेही नाही. लाल रकान्याची त्यांना धास्ती बसली होती.

मग आणखी एक परिपत्रक आले. 'शिक्षक व अधिकारी यांनी स्वतः चष्मा वापरून विद्यार्थ्यांसमोर चुकीचा आदर्श ठेवू नये.' योगेंद्र सरांना कॉलेजपासून चष्मा होता. त्यांनी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्या दिवसापासून ते मुलांना आवाजावरून ओळखू लागले. शाळेतला पोशाख सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे गैरहजर मुलांच्या वतीने कुणीही 'हजर' म्हटले तरी चालू लागले. शाळेची उपस्थिती सुधारली. तिचीही वर नोंद झाली.

डिसेंबरमध्ये विस्तार अधिकारी सुलक्षणा मॅडम पाहणीला आल्या. त्यांनीही आदर्श म्हणून चष्मा सोडला होता. त्यांची जीप चालवणाऱ्याला तेवढी अभियानातून सूट होती.

"नमस्कार, पाटील सर," मॅडम म्हणाल्या.

"नमस्कार मॅडम. मी इकडे आहे."

मॅडमनी कपाटाकडचे तोंड वळवले. शाळेचे वातावरण प्रसन्न असल्याचे त्यांनी सांगितले. मग त्यांनी खिडकीजवळच्या पाण्याच्या माठावरून मायेने हात फिरवला आणि विचारले, "इयत्ता कितवी, बाळा?"

"सहावी," भाविका माठाच्या शेजारून म्हणाली आणि प्रसंग निभावला.

नंतर तपासणी झाली. भाविकाने तक्ता म्हटला. मॅडमनी तो समोर धरलेल्या कागदाशी ताडून पाहिला. कागद डोळ्यांजवळ नेला असता तर चुकीचा आदर्श ठरला असता, म्हणून हात लांब ठेवून. "अचूक," त्या म्हणाल्या. मोहटाकळी ही तालुक्यातली पहिली चष्मामुक्त शाळा ठरली आणि प्रजासत्ताक दिनी चोपड्याला तिचा सत्कार करण्याचे ठरले.

जानेवारीत, सत्काराच्या आदल्या आठवड्यात, चष्मे आले.

खोक्यात प्रत्येक चष्म्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी होती. योगेंद्र सरांना भाविकाला बोलवायचा मोह आवरला नाही. त्यांनी तिच्या कानांवर चष्मा चढवला. ती दारात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सर, डोंगरवर झाडे शेतस." ती धावत कुंपणापर्यंत गेली. पलीकडे आबा मळ्यात काम करत होते. "आबा, तुन्या मिशा धवया कव्हय व्हयन्यात?" तिने विचारले. आबांनी मान वर केली आणि नात आपल्याकडेच बघते आहे, बुजगावण्याकडे नाही, हे त्यांना कळले. ते नुसते हसत उभे राहिले.

सरांनी मॅडमना फोन लावला.

"वाटू नका," मॅडम घाईने म्हणाल्या. "तुमच्या शाळेत नंबर शून्य आहेत. शून्य नंबरच्या मुलांना चष्मे दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल."

"पण मॅडम, मुलांना दिसत नाही."

"ते मलाही माहीत आहे, सर. पण ते कुठं कागदावर आलेलं नाही. सव्वीस जानेवारीला येताना खोकं परत घेऊन या."

योगेंद्र सरांनी स्वतःच्या हाताने भाविकाचा चष्मा उतरवला. ती रडली नाही, हट्टही केला नाही. तिने चिठ्ठी नीट चिकटवून चष्मा खोक्यात ठेवला, म्हणून सरांना जास्त लागले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून सर मोटारसायकलवर निघाले. मागे आदर्श विद्यार्थिनी म्हणून भाविका होती आणि तिच्या मांडीवर ते खोके. चंदन सर पोरांना घेऊन एसटीने पुढे गेले होते. सकाळचे धुके होते, रस्ता आणि शेत यांच्यातला फरक सरांना अंदाजाने करावा लागत होता.

"भाविका, पुढं काय आहे?"

"काहीतरी हिरवं शे, सर."

"रस्त्यावर की बाजूला?"

भाविका विचार करत होती तेवढ्यात मोटारसायकल पाण्याची पाटचारी ओलांडून कुणाच्या तरी केळीच्या बागेत शिरली आणि चिखलात सावकाश आडवी झाली. लागले कुणालाच नाही. दोघे चिखलात बसून राहिले. भाविकाने खोके छातीशी धरले होते, त्याला डागही लागला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तुमले बी दिखत नही का?"

योगेंद्र सर तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे ती जिथे असावी तिकडे. मग ते हसायला लागले आणि त्यांना ते आवरेना. भाविकाही हसू लागली. हसून झाल्यावर सरांनी खिशातला चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर लावला. मग खोके उघडले, भाविकाच्या नावाचा चष्मा शोधला आणि तिला दिला.

"आक्षेप निघी, सर."

"निघू दे. खुलासा मी लिहीन."

तशीच दोघे, चिखलाच्या कपड्यांनी आणि डोळ्यांवर चष्मे लावून, चोपड्याला सत्काराच्या मंडपात गेली. व्यासपीठावर जळगावहून आलेले मोठे साहेब होते. त्यांनी डोळे बारीक करून विचारले, "या चष्मामुक्त शाळेच्या विद्यार्थिनीला चष्मा कसा?"

योगेंद्र सर उठले. "साहेब, तिला लांबचं दिसत नाही. चष्मा लावला की दिसतं. मलाही तसंच आहे. बाकी आम्ही वर्षभर जे भरलं, ते सगळं पाठांतर होतं," ते म्हणाले आणि आता जे व्हायचे ते होवो म्हणून उभे राहिले.

साहेबांनी सुलक्षणा मॅडमकडे पाहिले. मॅडमपुढे दोन वाटा होत्या. एकीत त्यांची चौकशी होती. त्यांनी पर्स उघडली, त्यातून आपला चष्मा काढला, तो लावून भाविकाकडे नीट पाहिले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहिल्यासारख्या हसल्या. मग माइक हातात घेऊन म्हणाल्या, "साहेब, हे बक्षीस आहे. चष्मामुक्तीत प्रथम आलेल्या शाळेला प्रोत्साहन म्हणून चष्मे देण्यात येत आहेत."

साहेबांनी क्षणभर विचार केला. असे बक्षीस देऊ नये, असे कुठल्याही नियमात म्हटलेले नव्हते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मंडपाने वाजवल्या, आणि खोक्यातले सगळे चष्मे साहेबांच्या हस्ते मुलांना वाटण्यात आले. चष्मा लावलेले प्रत्येक पोर आधी साहेबांकडे निरखून बघे आणि मग मंडपात आपले माणूस शोधू लागे.

बातमी फोटोसह छापून आली. फोटोत सगळ्या मुलांना चष्मे होते आणि वर मथळा होता, 'मोहटाकळी शाळा चष्मामुक्त'. कुणालाही त्यात काही खटकले नाही. उलट जळगाव, धुळे, शिरपूर इथून लोक गाड्या करून येऊ लागले. इंजिनीअर आले, प्राध्यापक आले. धुळ्याची दिपमाला नावाची एक आई मुलीला घेऊन आली. लग्नाच्या बायोडेटात 'चष्मा नाही' असे लिहायचे होते.

योगेंद्र सर प्रत्येकाला बसवून घेत, चहा देत आणि भाविकाला बोलावून सगळे पहिल्यापासून सांगत. चष्म्याशिवाय काही झालेले नाही, हे तर ते दोनदा सांगत. पाहुणे मन लावून ऐकत, हसत, आणि निघताना चप्पल घालता घालता सरांच्या कानाशी येऊन म्हणत, "ते सगळं खरं, सर. पण थोडा तरी फरक पडतच असेल ना?"

सरांनी उत्तर देणे आता सोडून दिले आहे. वाचकहो, तुम्ही या पाहुण्यांना हसला असाल, ते ठीक आहे. पण गोष्ट वाचताना हाच प्रश्न तुमच्याही मनात एकदा येऊन गेला असेल, तर संकोच करू नका, मोहटाकळीला अवश्य या. गाडी तेवढी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.