फिरंगी चौकट पाडिली त्याची हकीकत

श्री गौरीचे चरणीं माथा ठेवून, वडिलांचे तोंडून ऐकिले तैसे लिहितों. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, चैत्रमास. ते समयीं राज्यास शत्रू उरला नव्हता आणि तोफांचे तोंडीं कोंबड्या अंडीं घालीत होत्या, ऐसा सुकाळ. परंतु राणीसाहेब चिमणाबाई सुखी नव्हत्या. कारण दिवाणखान्याची मोठी भिंत. पूर्वीं कोणी फिरंगी वकील थंडीने काकडला म्हणून थोरल्या महाराजांनी त्या भिंतींत शेकोटी करून दिली. पोकळींत लाकडे जाळावीं, धूर नळाने छपरावर जावा, आणि तोंडाशी नक्षीची दगडी चौकट, हातभर पुढे आलेली. मग वकील गेला आणि चौकट राहिली, आणि चैत्रगौरीचा पाळणा दरसाल कोपऱ्यांत बसूं लागला. गतवर्षी हळदीकुंकवास विहीणबाई दर्याबाईसाहेब आल्या आणि चारचौघींत बोलिल्या, "आमचे येथे गौर भिंतभर बसते. तुमची बापडी अंग चोरून बसली आहे." ते बोलणे राणीसाहेबांची लेक ठकूताई हिला सासरीं वर्षभर ताटांत वाढले गेले, आणि ते आईचे काळजास लागले.

मग राणीसाहेबांनी हुकूम केला कीं चौकट पाडावी आणि यंदा गौर मोठ्या भिंतीस बसवावी. जोशीबुवांस आधींचा एकही मुहूर्त पसंत पडेना. काढिला तो ऐन तृतीयेचे सकाळचा, आणि सायंकाळीं विहीणबाई यावयाच्या. राणीसाहेब म्हणाल्या, "पाथरवट बोलावूं?" तेव्हां सरनौबत धारोजीबाबा मिशीस पीळ देऊन बोलिले, "बाईसाहेब, आमची हयात किल्ले घेण्यांत गेली. ही चौकट ती काय?" आणि त्यांनी रीतसर मोर्चे लाविले, डावीकडे पहारी, उजवीकडे कुदळी, दारांत नगारा, आणि चौकटीस शरण येण्याविषयीं पुकारा केला. चौकट कांहीं बोलली नाहीं. मग बाबा म्हणाले, "किल्ला वरून ढिला करावा," आणि दोघे गडी छपरावर चढले आणि त्यांनी धुराचे नळांतून तोफेचा गोळा आंत सोडिला.

गोळा गडगडत आला आणि चौकट, जी नुसत्या चुन्यावर उभी होती, निमूट पुढे आडवी जाहली, आणि मागून वकिलाचे वेळेपासूनची काजळी बाहेर पडली. गादी, लोड, जोशीबुवा, नगारा, सर्व एकरंग जाहले. धारोजीबाबांनी फत्तेचा मुजरा केला तेव्हां त्यांचे फक्त दांत दिसले. भिंतींत पुरुषभर काळे भोक उरले. त्याची तजवीज कोणीच केली नव्हती, कारण किल्ला पडल्यावर भोकाची चिंता वाहण्याचा त्या फौजेंत रिवाज नव्हता.

राणीसाहेब तेथेंच बसल्या आणि रडल्या. "आतां माझ्या पोरीला आणखी एक वर्ष ऐकून घ्यावे लागणार," म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले, त्याने गालही काळे जाहले, आणि त्या भोकाकडे बराच वेळ पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "गौरीचा पाळणा आणा."

"कोठे टांगावा?" धारोजीबाबांनी भीत भीत विचारिले.

"आंत. आणि दोन समया."

मग बायका गादी-लोड बदलावयास लागल्या आणि राणीसाहेबांनी पदर खोचून पाळणा स्वहस्तें टांगिला, आणि मागे काजळासारखा अंधार असल्याने पितळेची गौर सोन्याची दिसूं लागली, आणि आरास पायऱ्यांनी खालीं उतरून भिंतभर पसरली.

सायंकाळीं विहीणबाई ठकूताईस घेऊन आल्या, आणि उंबऱ्यावरच थबकल्या. मग विचारिले, "हा गाभारा कोणा कारागिराचा?"

"आमच्या सरनौबतांचा," राणीसाहेब बोलिल्या. "तोफेच्या गोळ्याने घडविला."

विहीणबाईंनी थट्टा समजून मान हलविली, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, पुढल्या सालीं आपली गौर अशीच बसवायची. तुम्ही सांगाल तसे." ठकूताईंनी हसू लपवावयास पन्ह्याचे भांडे तोंडास लाविले. राणीसाहेबांचे डोळे भरून आले. डोळ्यांत काजळी गेली, असे त्या म्हणाल्या.

तात्पर्य, चौकट पडली, भोकास मान मिळाला, आणि लेक सासरीं ताठ मानेने नांदूं लागली. वैशाखांत विहीणबाईंनी आपली धडधाकट भिंत फोडावयास काढिली, आणि ठकूताई बोट दाखवील तेथे पहार पडूं लागली. हकीकत इतकीच.